पुसलेले फोटो

"फोटो काढलास ना आत्ता?" खुर्चीतल्या बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

मेकअपवालीने फोन पाठीमागे घेतला. वेळ बघत होते, म्हणाली. समोरच्या भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ होतं. बाईंनी डोळे उघडून आधी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

काढला तर होताच. जबड्यापासून गळ्यापर्यंत उतरलेला भाजल्याचा डाग, खिडकीच्या उजेडात, अगदी स्पष्ट. उद्या तिला एका मोठ्या स्टुडिओत पोर्टफोलिओ दाखवायचा होता. तिथे आधीचा आणि नंतरचा अशा जोड्याच बघतात, आणि डाग झाकल्याची एकही जोडी तिच्याकडे नव्हती. नुसता नंतरचा फोटो काय कामाचा? काम जितकं बेमालूम, तितकं काही केलंच नाही असं वाटतं. ही संधी हुकली तर पुन्हा दुसऱ्याच्या पार्लरमध्ये भुवया कोरत बसायचं होतं. बाईंनी मात्र आल्या आल्या बजावलं होतं, नंतरचे हवे तेवढे काढ, आधीचा एकही नको.

दीडेक तासाने डाग नाहीसा झाला. बाईंनी आरशात मान इकडून तिकडे फिरवली. गळ्याला बोट लावायला गेल्या आणि थांबल्या. चेहरा जरा सैल पडला. पण मनात शिरलेला संशय एवढ्याने थोडाच निघतो! त्यांनी हात पुढे करून फोन मागितला.

मेकअपवालीने मुकाट्याने फोटो उघडला, माफी मागितली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो पुसून टाकला. गिऱ्हाईकासमोर पुसायचं आणि मग सवडीने परत मिळवायचं, हा तिचा शिरस्ताच होता. बहुतेकींचं तेवढ्यावर समाधान व्हायचं.

"आता पुसलेले फोटो जिथे जातात, ते उघड," बाई म्हणाल्या. "माझा मुलगा हेच धंदे करतो."

तिने ते उघडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. डागाचा फोटो तिथे सुखरूप होता. शेजारी आणखी तिघी, एक विरळ केसांची, एक मुरमांची. बाईंचा पारा चढला. फसवणूक, विश्वासघात, पोलीस, सगळं एका दमात बाहेर पडलं.

बोलता बोलता बाई तिसऱ्या फोटोवर अडखळल्या. दोन्ही गालांवर काळपट वांग पसरलेले. त्यांनी तो मोठा केला.

"या तर आमच्या जाऊबाई."

इथला पत्ता जाऊबाईंनीच दिला होता, पण आपण मैत्रिणीच्या सोबतीला गेलो होतो असं सांगून. मी तोंडाला पावडरसुद्धा लावत नाही, हा टेंभा त्या घरात वर्षानुवर्षं मिरवत आल्या होत्या. आणि बाहेर निघताना, चारचौघांसमोर, बाईंच्या गळ्यावरची ओढणी सारखी करायला कधी विसरत नसत.

बाई बराच वेळ त्या गालांकडे बघत राहिल्या. पोलीस कुठल्या कुठे गेले. मग त्यांनी स्वतःचा फोटो शोधला, आपल्याच हाताने तो परत मिळवला आणि फोन मेकअपवालीच्या हातात दिला.

"माझा लाव खुशाल तुझ्या पोर्टफोलिओत," त्या हळूच म्हणाल्या. "पण जाऊबाईंचा तो मला पाठव."

जाऊबाई मेकअपवालीला चांगल्या आठवत होत्या. कुणाला सांगू नकोस, म्हणून निघताना त्यांनी तिचे दोन्ही हात धरले होते. तिने फोनमध्ये एकदा डागाकडे पाहिलं, एकदा त्या गालांकडे.

"नंबर सांगा, ताई."