किक झेलणारा

एक हातमोजा खिळ्याला वाळत घातलेला. जोडीचा दुसरा सापडलेला नाही.

पडद्यावर एक खेळाडू, गुडघ्यावर लाल चौकोन.

फोनवर एक बाई, भावाला: "सांभाळून घे रे माझ्या पोराला. बस, एवढंच."

एक खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नाही.

मग दुपार. फायर स्टेशनातली बसायची खोली, टीव्हीला जोडलेला खेळ. अमेरिकन फुटबॉल. यात आपण कुणाला पळवायचं नाही. कोण कुठे उभा राहील तेवढं ठरवायचं, पुढचं कॉम्प्युटर बघतो. खेळाडूंना इथल्या लोकांनी आपलीच टोपणनावं देऊन ठेवलेली. रिमोट स्टेशनच्या साहेबाकडे. ड्यूटीवर साहेब, खोलीत सगळ्यांचा मामा. भाच्याचा मात्र सख्खा.

"किकसाठीची स्पेशल टीम लावा की मामा, चहा गार झाला," ड्रायव्हर म्हणाला.

किक मारणारा: ड्रायव्हर.

चेंडू जमिनीवर धरून बसणारा: मास्तर.

"म्हणजे याची लाथ माझ्या बोटांवर," मास्तर म्हणाला. "गाडी लावतो तशी मारली, तर आधी भिंतीला लागेल."

उरला समोरच्यांची किक झेलणारा. तो मागे एकटा उभा राहतो. चेंडू हवेत असेपर्यंत त्याला वरच बघावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचे अकराच्या अकरा त्याच्या अंगावर धावून येतात.

ही जागा पैलवानाची. खेळातल्या पैलवानाचा गुडघा गेला होता, म्हणून तो लाल चौकोन. खरा पैलवान गेल्या आठवड्यात कापडाच्या गोदामात पाइपचं तोंड धरून सगळ्यांच्या पुढे होता. छत खाली आलं. तो अजून हॉस्पिटलात आहे, डोळे उघडत नाही. इथे त्याची खुर्ची आणि एक हातमोजा.

"मला टाक," भाचा म्हणाला. "वेग बघ ना माझा."

मामाने पडद्यावरचा बाण त्याच्या नावावर नेला. अंगठा दाबेना. रिमोट घामाने निसटायला लागला तसा त्याने तो पँटला पुसला, पुन्हा धरला.

"मामा, खेळ आहे रे."

"माहितीये."

"मग?"

"वर बघत उभा राहशील तू. येणारे दिसायचे नाहीत तुला."

"मला कसे दिसतील? मी इथे बिस्किट खातोय."

ड्रायव्हर फिसकन हसला, आणि मामाचा चेहरा बघून चहाच्या कपाकडे वळला.

मामाने बाण खाली खाली नेला, पार तळाला, स्वतःच्या नावावर. वेग सगळ्यांत कमी. दाबलं.

समोरच्यांची किक उडाली. पडद्यावरचा जाडा मामा मान वर करून उभा. चेंडू हातात आला तरी त्याचं पाऊल हललं नव्हतं. अकराजणांच्या ढिगाखाली तो दिसेनासा झाला.

"मेलात, मामा!" मास्तर ओरडला.

मामा हसला. दिवसभरात पहिल्यांदाच, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घंटा वाजली.

खुर्च्या सरकल्या. बिस्किट अर्धं राहिलं. भाच्याने बुटांत पाय घातले, हेल्मेट घेतलं आणि दारातून वळून बघितलं. मामा अजून बसलेलाच होता, रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून.

"साहेब," भाचा म्हणाला. "चला."

सकाळी हजेरीला साहेबानेच सांगितलं होतं: पैलवानाच्या जागी, पाइपच्या तोंडाशी, भाचा.