आईचा जबाब

"सांग आई, त्या दिवशी काय झालं?" लेकीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन टेबलावर ठेवला.

आई बॅग भरत होती. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं. लेकीकडचा मुक्काम संपवून उद्या सकाळी ती आपल्या घरी जाणार होती, पहिल्यासारखी एकटी राहायला. "तुला माहीत आहे की सगळं," ती म्हणाली. "बाथरूममध्ये पाय घसरला."

लेक गुन्ह्यांच्या तपासात मुरलेली. पोलीस ठाण्यात तिला तोफ म्हणत आणि तिला ते आवडायचं. या आठवड्यात मात्र साहेबांनी तिला जबाब घेण्याच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. तिथल्या सरांनी तिची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकून सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. बाई, तुमच्या प्रश्नातच उत्तर असतं, साक्षीदाराला फक्त मान डोलवायची उरते, असं ते म्हणाले. तोफेला ते चांगलंच झोंबलं. आता घरच्या अभ्यासाला एक जबाब घ्यायचा होता, तोही समोरच्याच्या तोंडात एक शब्दही न घालता. आईचं पडणं आयतंच हाताशी होतं.

"मला काहीच माहीत नाही असं समज. सकाळी उठलीस तिथपासून सांग."

आई सुरू झाली, आणि आई सुरू झाली म्हणजे शेजारणीच्या मांजरापासून. लेकीच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. तिने एकेक गिळला. आई मध्येच थांबली, एका ब्लाउजची घडी मोडून पुन्हा घालत बसली, तरी लेकीने घाई केली नाही. चोरामागे धावणं याच्यापेक्षा सोपं होतं.

"मग चहाचा कप उचलायला गेले," आई म्हणाली, "तर डावा हात उचलेचना. माझा नसल्यासारखा."

लेक नुसतं "हं" म्हणाली.

"म्हटलं तोंडावर पाणी मारावं. बाथरूममध्ये गेले, तर आरशात तोंड जरा वाकडं दिसलं. शेजारणीला हाक मारायला गेले, शब्दच फुटेना. मग पडले. फरशी कोरडीच होती तशी. थोड्या वेळाने सगळं जागेवर आलं."

तरी लेक सरांनी शिकवलं तेवढंच म्हणाली, "आणखी काही?"

"परवा हात पुन्हा तसाच झाला. थोडाच वेळ."

लेक उठली. पुढे काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. तिने ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, काय काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं, गाडीची किल्ली घेतली. आपण आत्ता हॉस्पिटलमध्ये जातोय आणि उद्याचं जाणं रद्द, असं तिने आईला सांगून टाकलं. बॅग भरून झाली आहे, असं आई कुरकुरली. छान झालं, तीच घेऊन जाऊ, लेक म्हणाली.

दाराशी आईच्या पायात चप्पल सरकवताना मात्र तिला राहवलं नाही.

"एवढं सगळं झालं आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू हॉस्पिटलात धावत आलीस आणि म्हणालीस, पाय घसरला ना गं आई?" लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आईने दुसरा पाय पुढे केला. "मी हो म्हटलं."