कोपऱ्यातलं नाव

“तुमी चोर हाय. माणसाचं काम ठेवून घेता आन् नाव खाता. जवाब द्या!”

संगमेश पेंटर सांगत होता आणि नेट कॅफेवाला मल्लिनाथ त्याचं इंग्रजी करून टाईप करत होता. ज्याला हे सुनावणं चाललं होतं त्याचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. तो सातासमुद्रापलीकडं कुठंतरी बसत होता आणि कुणाचं काम घ्यायचं, कुणाचं नाही, ते ठरवत होता. ठरवणारे कायम लांबच बसतात.

“‘नाव खाता’ इंग्रजीत बसंना, पेंटर. ‘पुसता’ लिहितो.”

“लिही. आन् वर काय लिहिलंस ते?”

“आदरणीय सर.”

“खोड आधी. चोराला कसला आदर बे?”

बाकावर बसलेली शिवकन्या, पेंटरची बायको, मेथीची पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होती. वडवणीचा आठवडी बाजार उरकून ती नवऱ्याला घरी न्यायला आली होती. त्याला तासभर होऊन गेला होता.

भांडण एका साईटीवरून होतं. इंटरनेटवरची पानं सजवणारी जगभरातली माणसं तिथं जमत. पान एकच, मजकूर एकच. त्याला प्रत्येकानं आपापला पोशाख चढवायचा. कुणी त्याची बाग केली होती, कुणी सर्कस, कुणी जुनं वर्तमानपत्र. मजकुराचं अक्षरही इकडचं तिकडं करायचं नाही, एवढी एकच अट. मल्लिनाथला हे समजायला आठवडा लागला. संगमेशला एका मिनिटात समजलं. दुकानाचं नाव गिऱ्हाईकाचं, रूप पेंटरचं. जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं?

आता बीडला फ्लेक्सची मशीन आली होती. तासाभरात दुकानदाराच्या फोटोसकट बोर्ड तयार. वर्षभरात संगमेशच्या हाताला तीन बोर्ड लागले, त्यातला एक स्मशानभूमीचा. म्हणून ह्या पानावर त्यानं जीव टाकला होता. वरचं शीर्षक आणि भोवतीची वेलबुट्टी घरी पुठ्ठ्यावर रंगवली, मल्लिनाथच्या स्कॅनरखाली धरली आणि त्या पानाचा अस्सल वडवणीचा बोर्ड करून पाठवला. तो त्या रांगेत लागला, तर पेंटर अजून जिता हाय, हे निदान जगाला कळलं असतं.

तो बोर्ड परत आला, सोबत निरोप, “खाली कोपऱ्यात चार शब्द जास्तीचे आहेत. काढा.”

ते चार शब्द होते, संगमेश आर्टस्, वडवणी, बसस्टँडसमोर.

“पेंटरनं कोपऱ्यात नाव टाकलं न्हाई तर बोर्ड काय आभाळातून पडला म्हणायचा?” संगमेश गरजला. “धाड ते!”

मल्लिनाथनं धाडलं. ‘आदरणीय सर’ त्यानं तसंच ठेवलं होतं, पण ते बोलला नाही.

जवाब लगेच आला. मल्लिनाथनं एकेक ओळ मराठीत करून वाचली.

“अक्षरं झकास आहेत. अक्षरांना दिलेली सावली तर इथं कुणालाच जमलेली नाही. नाव पुसा असं आम्ही म्हणत नाही, जागा बदला म्हणतो. पानामागं जी फाईल असते, तिच्या पहिल्या ओळीत लिहा. आमची माणसं काम शिकायला आधी तीच उघडतात. कामाला ज्याचा ज्याचा हात लागला, त्या प्रत्येकाचं नाव तिथं असतं. हा आमचा रिवाज आहे.”

संगमेशचा आवाज खाली आला. “माणूस बरा दिसतोय बे.”

“मगाशी चोर होता.”

“मगाशी मला कुठं कळला होता?”

मल्लिनाथनं इतरांच्या फायली उघडून दाखवल्या. खरंच होतं. कुठं तीन नावं, कुठं पाच. एका बाईनं तर नुसता रंग सुचवणाऱ्या शेजारणीचंही नाव घातलेलं.

“लई दिलदार लोक,” संगमेश म्हणाला. मग मल्लिनाथला बाजूला सारून त्यानं एका बोटानं स्वतःचं नाव टाईप केलं. मान तिरकी करून पाहिलं. बोर्ड लावून झाल्यावर पाहायचा, तसं.

शिवकन्या उठून त्याच्या मागं येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं मात्र एकूणएक ओळखीची होती. अकरा वर्षं, अगदी ह्या पुठ्ठ्यापर्यंत, संगमेश खडूनं बाहेरची रेघ मारून चहाला जायचा, आणि रंग भरून, बारीक ब्रशनं सावली देऊन अक्षर उठवायची ती. दुकानांच्या बोर्डांवर कोपऱ्यातलं ‘संगमेश आर्टस्’सुद्धा. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा.

तिनं पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवलं. “हे तुमचं नाव.”

“व्हय.”

“त्याच्याफुडं काईच न्हाई?”

“आजून काय पायजे?”

“सावली कुणालाच जमली न्हाई म्हनं. ती कुनी दिली?”

मल्लिनाथ आणखी बाजूला सरकला आणि छताचा पंखा पाहायला लागला.

“अगं, ते घरातल्या घरात...” संगमेश हसला. “त्याचं काय एवढं?”

शिवकन्या हसली नाही. हा ठरवणारा सातासमुद्रापलीकडं नव्हता, हाताच्या अंतरावर बसला होता. तिनं मेथीची पिशवी कीबोर्डावर ठेवली.

“माणसाचं काम ठेवून घेता आन् नाव खाता,” ती म्हणाली. “जवाब द्या.”