मगरीबरोबर काय द्यायचं

"आधी शहामृग," मालक म्हणाले आणि बशी त्याच्याकडे सरकवली. "सावकाश खा. घाई नाही."

दुपारच्या रिकाम्या हॉटेलात दोघंच बसले होते. बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. या एका टेबलावर मात्र पांढरं कापड आणि उघड्या बाटल्यांची रांग. मालकांना खास मेजवान्या सुरू करायच्या होत्या. लोकांनी जन्मात न खाल्लेली मांसं, आणि प्रत्येकाबरोबर त्याला शोभेल असं पेय. ही सोयरीक जुळवणारा माणूस त्यांना हवा होता. आधी आलेल्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. एक जण तर म्हणे फक्त "बहुधा" म्हणाला आणि तेवढ्यावरच बाद झाला.

आज समोर बसलेल्या या उमेदवाराला खरं तर भिण्याचं कारण नव्हतं. धंद्यात त्याचं नाव होतं. नुसतं बूच हुंगून तो बाटलीची कुंडली मांडायचा. अडचण एवढीच की त्याचं ते नावाजलेलं नाक आता चष्मा टेकवण्यापुरतंच उरलं होतं. हिवाळ्यात साधा ताप आला, बरा झाला, आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू कळायचं. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं.

हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. गेले काही दिवस ती घरी बाटल्या हुंगायची, कशाचा वास येतो ते सांगायची आणि तो शाळेतल्या पोरासारखा पाठ करायचा. आज सकाळी त्याच्या शर्टाला इस्त्री करताना ती म्हणाली होती, "खरं सांगून टाक ना. माणूस चांगला असेल तर समजून घेईल."

वास न येणाऱ्याला या कामावर कोण ठेवेल, असं त्याने विचारलं, तेव्हा ती पुन्हा कॉलरवर इस्त्री फिरवू लागली. दुसरी एखादी नोकरी त्याला मिळालीही असती. पण हे काम सोडलं तर आपण कोणीच उरणार नाही, असं त्याला वाटायचं. खरी भीती तीच होती.

त्याने शहामृगाचा तुकडा चावला. मऊ, बारीक धाग्यांचं मांस, चरबी जवळजवळ नाही. एवढं दातांना कळलं. मालकांनी आपल्या बशीला हातही लावला नव्हता. त्यांची नजर त्याच्या तोंडावर रोखलेली होती.

याच्याबरोबर हलकी रेड वाईन जाईल, असं तो जरा चाचरतच म्हणाला. मालकांच्या कपाळावर आठी पडली.

"नाही, हलकी नको," त्याने लगेच दुसरी बाटली उचलली. "ही जरा भरदार आहे. हीच."

आठी गेली. मालकांनी घास घेतला, वर एक घोट घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

त्याच्या जिवात जीव आला. नाक गेलं तरी डोळे शाबूत होते. ज्यांच्या जिभेचा गावभर दरारा, त्या मालकांचा चेहरा समोर उघडा होता. तेवढा वाचता आला की झालं.

रानडुकराच्या वेळी त्याने तेच केलं. व्हिस्कीच्या बाटलीकडे हात नेला, तर मालकांचा चमचा हवेतच थांबला. मग तो काळ्या बिअरकडे वळला आणि ठासून बोलला, मांसाचा रांगडेपणा हिचा कडवटपणाच पेलू शकेल वगैरे. चमचा तोंडात गेला. मान पुन्हा डोलली.

मग मालकांची थोरली बहीण आतून आली. सगळं स्वयंपाकघर तिच्याच जिवावर चालायचं. पांढऱ्या रश्शातली मगर टेबलावर ठेवून ती आल्या पावली परत गेली.

मगर त्याने पूर्वी एकदा खाल्ली होती. तो आठवणीवरच बोलला, आणि आता न अडखळता बोलला. "शेवटी पाण्यातल्या प्राण्याचा एक बारीकसा वास मागे राहतो. तो झाकायचा नाही, उचलून धरायचा. सफरचंदाची सायडर द्यायची, आंबट."

मालकांनी घास घेतला, घोट घेतला आणि ते खूश झाले. "तळ्याकाठचा वास. अगदी नेमका पकडलात." त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. "एक तारखेपासून या."

त्याने तो हात दोन्ही हातांत धरला. बाहेर पडल्या पडल्या बायकोला फोन करायचा, असं त्याच्या मनात आलं. बऱ्याच महिन्यांनी त्याला मोकळं हसू आलं.

तेवढ्यात बहिणीने दारातून डोकं बाहेर काढलं. "अरे, मगर आत्ता शिजतेय. मघाशी गडबडीत आपल्या लोकांच्या जेवणातली कोंबडी आली तुमच्याकडे. रस्सा तोच ना, म्हणून गोंधळ झाला. ती राहू दे, ही आणते थोड्या वेळात." आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

त्याचे कान तापले. सगळा प्रकार त्याच्या ध्यानात आला. मालकांनी पहिल्याच घासाला ओळखलं असणार. तळ्याकाठचा वास म्हणत म्हणत त्यांनी त्याला मुद्दाम खोल पाण्यात नेलं होतं. आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. सकाळचे बायकोचे शब्द त्याला आठवले, आणि खोटं बोलण्याचा त्याला मनापासून कंटाळा आला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होतो. कपाळाला आठी पडली की बाटली बदलायची, मान हलली की पुढे जायचं. माफ करा मला."

तो उठला. पण मालक त्याला जा म्हणाले नाहीत. ते हळूच उठले, बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि परत येऊन त्याच्यासमोर बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग मघापासून," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी कोणाच्या तोंडाकडे बघून मान डोलावत होतो?"