सरळ शेपटीचा मासा

मेक्सिकोची एक बाई, केरळचं जोडपं आणि तीन कोरियन मुली कलाकेंद्रात हात आपोआप चालवणारे हातमोजे चढवून बसले होते. दहा मिनिटांत सगळ्यांच्या गंजिफाच्या पत्त्यांवर मत्स्यावतार उमटला. शेपटी रंगवताना सगळ्यांचाच अंगठा ठणकला आणि सगळ्यांनी तो कौतुकाने चोळला.

"परुळेकर, किती वेळा सांगू?" इंदुमती चितारी मॅनेजरवर तडकली. "या मोज्यांत तुम्ही माझा हात भरून घेतलात, त्या दिवशी माझ्या अंगठ्याला विंचू चावला होता! म्हणून शेपटी वाकडी येते. पुन्हा भरून घ्या."

"काकी, दोन लाख लोक हीच शिकून गेले. आता तीच खरी."

इंदुमतीने ब्रश उचलला आणि एका दमात सरळ शेपटी ओढून दाखवली.

मेक्सिकोची बाई जवळ आली. इंदुमतीच्या कानातल्या यंत्राने तिचं बोलणं मराठीत ऐकवलं, "मावशी, रागावू नका. पहिल्यांदा चुकतंच." तिने स्वतःचा मोजा काढून इंदुमतीच्या हातात प्रेमाने चढवला.

मोज्याने बोटं पकडली. शेपटी वाकडी उमटली आणि सहा वर्षांपूर्वी बरा झालेला अंगठा पुन्हा ठणकू लागला.

"बघा, जमलं की!" बाई टाळ्या वाजवत म्हणाली.