सुनावणीतलं गणित

अणुभट्टीसाठी गाव उठणार होतं. सुनावणीत आंबेरकर गुरुजींनी शाळेतल्या मुलांनी केलेली पवनचक्की आणि सौरदिवा साहेबांपुढे मांडला. "वारा आहे, ऊन आहे. आमची घरं कशाला मोडता, साहेब?"

"उन्हातून तेवढीच वीज काढायची तर जमीन किती लागेल, गुरुजी?"

गुरुजींनी हे गणित वर्गात करून घेतलं होतं आणि इथे ते कोणी विचारू नये म्हणून देव पाण्यात घातले होते.

"अशी नऊ गावं!" सातवीतली दीक्षा उभी राहून म्हणाली.

"गप गे!" तिची आई कडाडली. "आपल्याच घरावर उठलंस?"

दीक्षाने भांबावून विचारलं, "चुकलं का, गुरुजी?"

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"नाही बाळा, बरोबर आहे," म्हणत गुरुजी मटकन खाली बसले.