आडवे पट्टे

घड्याळजींनी कंदिलाची काच दोन बोटांत धरली, अर्धा इंच उचलली आणि पुन्हा टाकीच्या तळाला टेकवली.

"काका, आज तिसरा दिवस," स्टुलावर बसलेला माशांचा दुकानदार म्हणाला. "उचला की आता! हिला पिल्लं व्हायच्या आत मला नातवंडं होतील."

काचेच्या आत फायटर जातीच्या माशाची मादी होती. बाहेर, बोटभर अंतरावर, नर. निळाशार गडी, कल्ले फुगवून काचेभोवती नुसत्या फेऱ्या मारत होता. पंधरा दिवस दोघांना वेगवेगळ्या बरण्यांत ठेवून घड्याळजींनी डासांच्या जिवंत अळ्या चारल्या होत्या. टाकीत वीतभरच पाणी भरलं होतं, वर बदामाचं वाळकं पान सोडलं होतं, आणि त्या पानाखाली नराने बुडबुड्यांचं घरटंही बांधून ठेवलं होतं. आता काच उचलायची, की मादी त्याच्या घरात. एवढंच काम उरलं होतं आणि नेमकं तेवढंच घड्याळजींच्या हातून होत नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "पट्टे आडवे आहेत."

"म्हणजे?"

"अंगावर उभे पट्टे आले की समजायचं, राजी आहे. आडवे म्हणजे घाबरलीय."

दुकानदार डोळे बारीक करून वाकला. "मला तर काही दिसत नाही बुवा."

"नीट बघितलं की दिसतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तुमची नजर म्हणजे काय, काका! केसाएवढ्या स्प्रिंगा जोडण्यात जन्म गेला तुमचा," दुकानदार हसला. "पण इतकं बघत बसलं तर कुणाचाच संसार व्हायचा नाही. थोडं चावेल, थोडं पळवेल. मग जुळतं आपोआप."

घड्याळजींनी काच तळाशी घट्ट दाबून धरली. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. गेल्या उन्हाळ्यात, याच टाकीपाशी, त्यांनी ते मुलीला ऐकवलं होतं. दोन दिवसांसाठी माहेरी आलेली ती त्यांना टाकी घासू लागत होती. "बाबा, नाहीच पटलं तर तिला बाहेर काढता ना?" तिने विचारलं होतं. "काढतो की. पण लगेच नाही काढायचं. थोडं चावेल, थोडं पळवेल," ते माशांकडे बघत म्हणाले होते. मग तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेलेला पाहून, "अगं, बाही वर कर, भिजतेय सगळी."

"भिजू द्या, बाबा."

ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. घड्याळजींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाचच्या बसने ती सासरी परत गेली, आणि दीड महिन्याने तिला त्या घरातून बाहेर काढलं ते चादरीत गुंडाळून. तेव्हापासून पाण्यात हात घातला की तिचा तो "भिजू द्या, बाबा" ऐकू येई. दिवसाढवळ्या, भरल्या घरात, अगदी कानाशी. म्हणून वर्षभर त्यांनी टाकी कोरडीच ठेवली होती.

त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"काकू, तुम्ही तरी सांगा यांना," दुकानदार म्हणाला. "म्हणतात, मादी घाबरलीय."

ती टाकीपाशी आली. वाकून तिने बराच वेळ मादीकडे पाहिलं.

"कसं कळलं तुम्हाला?"

"अंगावर दिसतंय," घड्याळजी म्हणाले.

"इतकं बारीक दिसतं?"

नाही म्हटलं असतं तर सुटले असते. पण त्यांना खोटं बोलवेना. "हो."

"मासोळीच्या अंगावरचं दिसतं," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. वर्षभरात या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती.

दुकानदाराचं हसू तोंडावरच विरलं. त्याने एकदा घड्याळजींकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि "येतो मी" असं पुटपुटत चपला पायात अडकवल्या.

दार लागलं. घड्याळजींनी दुसरा हात पाण्यात घातला, काचेखाली तळवा सरकवला आणि मादीला ओंजळभर पाण्यासकट वर उचललं. नराने बोटांवर झडप घातली. त्यांनी हात हलवला नाही. मादीला तिच्या बरणीत सोडलं, बरणीवर झाकण ठेवलं आणि ते तसेच उभे राहिले. सदऱ्याच्या बाहीतून फरशीवर पाणी गळत होतं.

"बाही तरी वर करायची," बायको म्हणाली. "भिजली सगळी."

"भिजू दे."

तिने चमकून वर पाहिलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात तीही होती. तिलाही सगळं ऐकू आलं होतं.

मग तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मनगटाचं बटण सोडलं आणि ओली बाही हळूहळू वर दुमडायला लागली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी, पार कोपराच्या वरपर्यंत. मग खिडकीच्या उजेडात धरून तिने तो हात उलटासुलटा करून नीट पाहिला.